मे अखेर, कोल्हापूरहून तीन रात्री: राधानगरी–पाटगाव–आजरा. गावातच राहायचं, गावातच खरेदी करायची, कसं बसवावं?

कळंबेकर

नमस्कार मंडळी. यंदा मुलांच्या सुट्टीत लांब जायचं नाही, आपल्याच जिल्ह्यात फिरायचं असं घरात ठरलंय. मेचा शेवटचा आठवडा, तीन रात्री. माणसं सहा: आम्ही दोघं, आई (वय ७०, गुडघ्याचा त्रास), धाकटी बहीण आणि दोन मुलं (११ आणि ७ वर्षं). सात सीटची पेट्रोल गाडी आहे. खरेदी धरून बजेट तीस हजार.

एक गोष्ट पक्की आहे, पैसा शक्य तितका थेट गावातल्या माणसाच्या हातात जावा. म्हणजे राहणं घरगुती, जेवण त्यांच्या चुलीवरचं आणि वर्षाचा तांदूळ, मध, काजू जिथं तयार होतात तिथूनच घ्यायचे. मनात असलेलं सगळं लिहितो: दाजीपूरची सफारी, काजवे, पाटगावचा मध, एखादं गुऱ्हाळ, काजूचा कारखाना, आजरा घनसाळ (तिथला सुवासिक तांदूळ), रांगणा किल्ला. यातलं मे अखेर काय खरंच बघायला मिळतं आणि कुठं फसायला होतं? माहीतगारांनी जरा सविस्तर सांगा.

भोगावतीकाठ

तीन रात्रींत सात ठिकाणं करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. घाटमाथ्याच्या रस्त्यांना ताशी तीस-पस्तीस किलोमीटरचाच हिशेब धरायचा. म्हणून आधी दोन नावं काढून टाका.

गुऱ्हाळ मे अखेर बघायला मिळत नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला धरतो आणि मार्च-एप्रिलात आटोपतो. मे महिन्यात चुलवाण थंड आणि काहील उपडी घातलेली असते. तरीही रस्त्याकडेला कुणी आजचा ताजा गूळ म्हणून विकत असेल तर तो ताजा नाही एवढं समजून घ्या. मुलांना रस उकळताना, मळी काढताना, काकवी उतरताना बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतला एक रविवार पुरे. त्यासाठी कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर जाऊन भागतं.

रांगणाही सोडा. वाट जंगलातून आहे, शेवटचा गाडीरस्ता खराब आहे, मेच्या उकाड्यात सात वर्षांचं मूल दमतं आणि आईंना दिवसभर गावात एकटं बसावं लागेल. तो हिवाळ्यात करा.

उरलं ते नीट बसतं. पहिल्या दोन रात्री राधानगरी-दाजीपूर पट्ट्यात, तिसरी पाटगाव-कडगाव बाजूला आणि परतताना आजरा. कोल्हापूर ते राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्ता हळदी-परितेवरून. दाजीपूर तिथून पुढं फोंड्याच्या वाटेवर. पाटगावला जाताना देवगड-निपाणी रस्त्यानं मुदाळ तिट्ट्याला यायचं, तिथून गारगोटी, मग कडगाव, मग पाटगाव. सगळं मिळून साडेतीनशे किलोमीटर धरा. घाटात एसी लावून पंधराचं अॅव्हरेज मिळालं तरी चोवीस लिटरच्या आत काम होतं. टाकी राधानगरीत आणि गारगोटीत भरून घ्या, पुढं पंपाच्या भरवशावर राहू नका.

आता दाजीपूर. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल आज ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत जायला गेटवर स्थानिक मुलांच्या गाड्या आणि गाईड मिळतात, त्याच घ्या. पैसा गावात राहतो आणि त्या पोरांना कुठल्या पाणवठ्यावर काल काय आलं होतं ते ठाऊक असतं. मे महिन्यात झाडोरा विरळ आणि पाणी मोजक्याच जागी, त्यामुळे गवा दिसायची शक्यता वर्षात सगळ्यात जास्त याच दिवसांत. मात्र सकाळची पहिलीच फेरी घ्यायची. नऊनंतर जनावर सावलीला बसतं आणि तुम्ही नुसती धूळ खाऊन परत येता. गाडी आतल्या दगडी रस्त्यावर खूप आदळते, आईंना मधल्या सीटवर बसवा, कमरेमागं उशी द्या, आणि त्रास वाटत असेल तर त्यांना मुक्कामावरच राहू द्या. बुद्ध पौर्णिमेच्या आसपास प्राणीगणना असते, तेव्हा सफारी चालू आहे का हे वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा. पाऊस लागला की आतली वाट बंद होते.

काजवे हा या दिवसांतला खरा सोहळा. वळवाचे दोन-तीन चांगले पाऊस पडले की मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात आणि मोसमी पाऊस धरेपर्यंत, साधारण जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. वळीवच झाला नसेल तर तुरळक दिसतील, म्हणून निघायच्या आधी दोन दिवस मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा. तारीख अजून हातात असेल तर कॅलेंडरवर अमावास्या बघा. पौर्णिमेच्या चांदण्यात काजवे असूनही फिके पडतात. वेळ पावणेआठ ते साडेनऊ. हिरडा, बेहडा, ऐन (म्हणजेच सादडा), जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं.

तिथं वागायचं कसं ते मुलांना घरातूनच सांगून न्या. लुकलुकणं ही नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. बॅटरी, मोबाईलचा फ्लॅश, गाडीचे दिवे त्यावर पडले की झाड पाच-दहा मिनिटं गप्प होतं आणि त्या रात्रीचं मीलन हुकतं. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असतात, म्हणून पायवाट सोडायची नाही. बाटलीत भरून आणणं तर अजिबात नाही. चालायला उजेड लागणारच, तेव्हा बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावा आणि उजेड पायाशी ठेवा. अंगाला उग्र वासाची मच्छरमलम लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. जत्रा भरते तिथं जाऊ नका, मुक्कामाच्या घरातला एखादा माणूस सोबत घ्या. तो गावामागचं झाड दाखवतो आणि त्याच्या वेळेचे दोनशे-तीनशे रुपये त्याला आवर्जून द्या.

सातेरी

मधाचं मी सांगतो. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर पाटगाव हे राज्यातलं दुसरं ‘मधाचं गाव’. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचा हा उपक्रम आहे. आसपासच्या वाड्यांवरही मधपाळ आहेत. बहुतेकांकडे सातेरी माशी, म्हणजे आपली डोंगरातली, लाकडी पेटीत राहणारी. आग्या मोहोळाशी तिची गल्लत करू नका. आग्या पेटीत राहत नाही.

मे अखेर जाताय ते बरं आहे, हंगामाची शेवटची काढणी तेव्हा मिळू शकते. पण मधपाळ तुमच्या सुट्टीप्रमाणे पेटी उघडणार नाही. पोळ्यातली तीन चतुर्थांश घरं मेणानं बंद झाली की मगच मध काढायचा असतो. त्याआधी काढला तर पाणी जास्त राहतं आणि बाटलीत फेस येऊन मध आंबतो. शिवाय पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा माशीला खायला पोळ्यात मध ठेवावा लागतो. म्हणून आठवडाभर आधी फोन करून विचारा: ‘कधी काढणार? त्या दिवशी येऊ का?’ काढणी झालेली असली तरी पेटी, चौकटी, राणीमाशी, मध काढायचं हाताचं यंत्र हे सगळं दाखवतात. चौकट यंत्रात बसवून फिरवली की मध भिंतीवर उडून खाली उतरतो आणि पोळं शाबूत राहतं. ते पुन्हा पेटीत जातं. पिळून काढलेल्या मधात अंडी, अळ्या, परागकण सगळं चिरडलेलं येतं आणि पोळंही वाया जातं. मुलांना हा फरक समोर बघून कळतो.

पेटीजवळ जाताना अत्तर, सुगंधी तेल, गजरा नको. काळे किंवा लोकरी कपडे नकोत, फिकट सुती घाला. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला किंवा मागं उभं राहायचं. समोर उभे राहिलात की शेतातून परतणाऱ्या माशांची वाट अडते आणि पहिला डंख तिथंच बसतो. आभाळ भरून आलं असेल, वळवाची हवा असेल तर माशी चिडकी होते, तेव्हा पेटी उघडायचा आग्रह धरू नका. डंख झाला तर काटा चिमटीत धरून ओढू नये, विषाची पिशवी दाबली जाते. नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून काढा. ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं, अंगभर गांधी उठणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना. कुणाला आधीपासून अॅलर्जी असेल तर त्यानं लांबूनच बघावं.

विकत घेताना बाटलीवर काढणीचा महिना आणि एफएसएसएआय क्रमांक बघा. मधात पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत असावं. मधपाळाकडं ते मोजायचं छोटं यंत्र असतं, दाखवा म्हटलं की आनंदानं दाखवतात. पाण्यात थेंब सोडून बघणं, कागदावर टाकणं, कापसाची वात पेटवणं या परीक्षांना काही अर्थ नाही, दाट साखरेचा पाकही त्यात उत्तीर्ण होतो. चव आणि रंग दर काढणीला बदलणार: जांभळीचा मध गडद आणि जरा तुरट. हिवाळ्यात मध रव्यासारखा थिजला तर तो भेसळीचा नाही. बाटली कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच, ठेवली की सुटतो. गॅसवर तापवू नका. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, परंपरा काहीही असो.

भाव पाडायच्या आधी एवढं लक्षात घ्या की सातेरीची एक वसाहत वर्षाला पाच ते आठ किलो मध देते. परदेशी माशीच्या पेट्या शेतोशेत हलवून निघणाऱ्या मधाशी त्याची तुलना होत नाही, म्हणून तो महाग असतो. तुमच्या घराला दोन किलो वर्षभर पुरतो. अर्ध्या किलोच्या चार बाटल्या घ्या, काचेच्या.

कळंबेकर

फार उपयोगी. गुऱ्हाळ आणि रांगणा काढले. आता काजू आणि घनसाळचं कुणी सांगेल का? कारखान्यात मुलांना आत घेतात का? आणि तांदूळ वर्षाचा म्हणजे चाळीस-पन्नास किलो घ्यायचा विचार आहे, तो खरा घनसाळच आहे हे ओळखायचं कसं?

आजऱ्याचा

काजूचे लहान कारखाने आजरा आणि चंदगड तालुक्यात गावोगाव आहेत, बरेचसे घराच्या मागच्या शेडमध्ये. सकाळी दहा ते चार या वेळात जा, आधी विचारून. काय बघायला मिळतं ते क्रमानं सांगतो. सुकवलेली काजू बी आधी वाफेवर शिजवतात, मग रात्रभर गार होऊ देतात. गरम फोडली तर गर मोडतो. मग बायका हाता-पायाच्या कटरवर एकेक बी फोडतात: पायानं पाती दाबायची, हातानं दांडी फिरवायची, टरफल दोन फाक होतं आणि गर सुईनं अलगद उचलायचा. हे काम जवळून दोन मिनिटं बघा. अख्खा गर निघाला तर चांगला भाव, तुकडा पडला तर भाव उतरतो आणि कारखान्याचा नफा-तोटा त्या एका झटक्यावर ठरतो. मग गर भट्टीत सहा-आठ तास सुकवतात, तांबडी साल सोलतात, आकारानं निवडतात.

मुलांना आत घेतात, पण टरफलाच्या ढिगाला हात लावू देऊ नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून कामगार हाताला तेल किंवा राख लावतात, नाहीतर हातमोजे घालतात. कटरच्या पात्यापासूनही लांब.

घेताना नंबराचा अर्थ समजून घ्या. २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, बसणारे अख्खे गर. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. चवीत फरक नाही. घरात खायला ३२० पुरे. भाजी, ग्रेव्ही, लाडू यांना पाकळी किंवा तुकडा घ्या, बऱ्याच स्वस्तात मिळतो. चार किलो बीतून जेमतेम एक किलो गर निघतो, त्यावरून दराचा अंदाज येईल. दातानं तोडून बघा: कटकन तुटला पाहिजे. चिवट लागला तर ओल राहिलीय आणि पंधरा दिवसांत वास येईल. सालीसकटचा काजू जास्त टिकतो, साठवायचा असेल तर तोच घ्या आणि हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मे अखेर पाऊस लवकर आला की झाडाखाली पडलेली बी भिजून काळी पडते, तिचा गर पिवळट डागाळलेला असतो. तो स्वस्त म्हणून घेऊ नका.

ओले काजूगर तुम्हाला मिळणार नाहीत, त्यांचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल.

आता घनसाळ. २०१६ मध्ये याला भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा आखूड, सुवास नैसर्गिक. सगळ्यात मोठी फसवणूक होते ती वासात: साध्या आखूड दाण्याच्या तांदळाला सुगंध मारून विकतात. त्यातला फरक असा कळतो. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून वास घ्या, मग तेच दाणे पाण्यात दोन वेळा धुवून पुन्हा घ्या. मारलेला वास धुतल्यावर उडतो. घनसाळचा कच्चा वास मंद असतो आणि शिजताना घर भरतं. शक्य असेल तर मुक्कामाच्या घरी वाटीभर शिजवून बघा आणि मगच पोतं बांधा.

मानांकनाची खूण असलेल्या पिशव्या शेतकऱ्यांच्या मंडळांकडं आणि दुकानांत मिळतात. थेट शेतकऱ्याकडून घेतलात तर भात कुठल्या शेतातलं, कधी कापलं, कुठल्या गिरणीला काढलं हे विचारा. खरा पिकवणारा दोन मिनिटांत सगळं सांगतो. कापणी नोव्हेंबर-डिसेंबरची, म्हणजे मेमध्ये तो सहा महिन्यांचा असतो. नवा तांदूळ मऊ शिजतो, म्हणून पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी घाला. वर्षभर मुरलेला मिळाला तर सरळ दुप्पट. शंभर किलो भातातून पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ पडतो, हा हिशेब माहीत असला की शेतकऱ्याचा दर अवाजवी वाटत नाही.

पन्नास किलो एकदम घेऊ नका असं माझं मत. कमी पॉलिशचा तांदूळ पावसाळ्यात लवकर पोरकिडा धरतो. वीस-पंचवीस किलो घ्या, घरी आल्यावर सावलीत दोन दिवस पसरा, कोरड्या पिंपात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरा. उन्हात वाळवलात तर दाणा तडकतो आणि शिजताना तुकडा होतो. पुढचा ऑक्टोबरनंतर कुरिअरनं मागवा, शेतकरी पाठवतात. काळा जिरगा हा इथला दुसरा वाणही किलोभर चाखून बघा, पुलावाला झकास.

आईंसाठी आजऱ्यात रामतीर्थ चांगलं आहे, हिरण्यकेशी काठी, सावली भरपूर. दुपारची भाकरी तिथं बांधून नेली तरी चालेल.

चूल आणि सोपा

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, म्हणजे घरी पाहुणे ठेवणाऱ्यांच्या. अडचणी नेहमी त्याच त्या येतात आणि बहुतेक फोनवरच मिटण्यासारख्या असतात.

दर माणशी दिवसाला हजार ते दीड हजार, दोन वेळचं जेवण, नाष्टा, चहा धरून. मुलांना बहुधा निम्मा. तुमचे चार मोठे बाराशेनं आणि दोन मुलं सहाशेनं धरली तर दिवसाचे सहा हजार, तीन रात्रींचे अठरा. पेट्रोल, सफारी आणि वाटाड्याला चार-साडेचार हजार, खरेदीला सात-साडेसात. तीस हजारांत बसतं. घासाघीस करायची तर खोलीच्या दरावर करा, जेवणावर नको. तिथं कसर करायची वेळ आली की तेल बदलतं आणि गावठीच्या जागी ब्रॉयलर येतो.

कोंबडी आदल्या संध्याकाळी सांगा. गावठी कोंबडा धरायचा तो पहाटे खुराड्यातून, दिवसा तो हाताला लागत नाही. पावणेदोन किलोच्या जिवंत कोंबड्याचं सव्वा किलोच्या आत मटण पडतं. सहा जणांना एक वेळ पुरतं. चुलीवर दीड तास शिजायला लागतो, म्हणून ‘अर्ध्या तासात पोचतोय, जेवण तयार ठेवा’ हा फोन उपयोगाचा नाही. शाकाहारी वेळेला पिठलं-पनीरचा हट्ट न धरता कच्च्या फणसाची भाजी, कुळथाचं माडगं, नाचणीची भाकरी, खर्डा असं त्या दिवसांतलं मागा. मुलांना तिखट चालत नसेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा, वाटण वेगळं काढता येतं.

बुकिंग करताना चार गोष्टी नक्की विचारा. पाणी विहिरीचं, झऱ्याचं की टँकरचं? मे अखेर डोंगरवाड्यांना टंचाई असते. टँकरवर चालणाऱ्या घरात सहा जणांच्या शॉवरच्या अंघोळी परवडत नाहीत, बादलीत भागवा. संडास कमोडचा आहे का आणि खोलीपासून किती पावलांवर? आईंच्या गुडघ्यासाठी हे जेवणापेक्षा महत्त्वाचं. जुन्या घरात सोप्याला दोन-तीन उंच पायऱ्या असतात, तळमजल्याची खोली मागा. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का? वळवाच्या पावसात झाड तारांवर पडलं की रात्र रात्र वीज येत नाही. आणि पर्यटन संचालनालयाची कृषी पर्यटनाची नोंदणी आहे का? २०२० च्या धोरणानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला ती मिळते. नोंदणी नसलेली चांगली घरंही आहेत, पण असेल तर शेत खरंच त्यांचं आहे एवढी खात्री पटते.

आगाऊ रक्कम निम्मी द्या. घरातला किराणा त्यातूनच भरला जातो. यायचं रद्द झालं तर तीन दिवस आधी कळवा, आदल्या रात्री नको. तोवर भाजी, दूध, कोंबडा सगळं सांगून झालेलं असतं. उरलेली रक्कम रोख आणा, शंभर-दोनशेच्या नोटांत. रेंज नसली की यूपीआय चालत नाही आणि करवंदं विकणाऱ्या म्हातारीकडं पाचशेचे सुट्टे नसतात.

ती करवंदं, जांभळं, आळू, तोरणं अशी रानफळं रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात विकायला असतात, मुख्यतः सकाळी. तिथं पाच-दहा रुपयांसाठी भाव करू नका. काट्यातून एकेक वेचायला तिची आख्खी सकाळ गेलेली असते. घरी न्यायची तर कैरीसारखी कच्ची करवंदं लोणच्याला न्या, पिकलेली संध्याकाळपर्यंत पाणी सोडतात.

भोगावतीकाठ

जिवाची काळजी घ्यायच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. दाजीपूर पट्ट्यात अंधार पडायच्या सुमारास आणि पहाटे गवे रस्त्यावर येतात. हॉर्न दाबून रेटू नका, दिवे डीम करा, थांबा, कळप जाऊ द्या. फोटोसाठी खाली उतरायचं नाही. एकटा नर असेल तर जास्तच अंतर ठेवा.

धरणाच्या पाण्यात उतरू नका, राधानगरी असो वा पाटगाव. मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर काठ सपाट आणि निरुपद्रवी दिसतो, पण गाळात पाय रुततो आणि चार पावलांवर एकदम खोल होतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले बघायला जुलै-ऑगस्टच हवा, तेव्हा मुलांना ते आत्ताच बघायला मिळतील असं सांगू नका.

वळीव दुपारी तीननंतर येतो, विजा घेऊन. चारच्या आत मुक्कामाला पोचा. विजा चमकताना सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गाडीत काचा बंद करून बसा. रात्री अंगणात जाताना बूट आणि बॅटरी, फुरसं आणि घोणस दोन्ही इथं आहेत. चावलं तर बांधाबांध, चिरणं काही न करता पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय: राधानगरी, गारगोटी किंवा आजरा, जे जवळ असेल ते. १०८ ला फोन लावा, पण गाडी दाराशी असेल तर वाट बघत बसू नका.

कळंबेकर

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: आजरा चौथ्या दिवशी, परतताना ठेवलं तर काजूचा कारखाना आणि गिरणी दोन्ही उरकतील का? आणि मध, तांदूळ, काजू गाडीत कसं ठेवायचं?

आजऱ्याचा

पाटगावातून नाष्टा करून आठला निघा, म्हणजे अकराच्या आत आजऱ्यात याल. आधी कारखाना, कारण जेवणाच्या सुट्टीत कटर बंद असतात. मग रामतीर्थावर जेवण, मग तांदूळ. गिरणी लाईटवर चालते, दुपारी भारनियमन असलं तर बंद सापडेल. म्हणून शेतकऱ्याला आदल्या दिवशीच भात काढून ठेवायला सांगा. चार वाजता आजरा सोडलं की दिवस मावळायच्या आत घरी.

डिकीत खाली तांदूळ, त्यावर काजू, दोन्हीला प्लास्टिकचा कागद, कारण वळवात डिकी उघडली की भिजतं. मधाच्या बाटल्या उभ्या, सीटच्या पायाशी, सावलीत ठेवा. उन्हात बंद गाडीत ठेवल्यात तर मध पातळ होऊन झाकणातून झिरपतो आणि मग सीटवर मुंग्या लागतात.